आईसाठी लावलेली लाल झालर

हसायचं नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. आणि हातातला चहा खाली ठेवा, कारण मागे हे ऐकताना आमच्या नणंदबाईंनी कपभर चहा माझ्या नव्या सतरंजीवर सांडला होता. मूर्खपणा करायचा तर माणसानं चार भिंतींच्या आत, एकट्यानं करावा. मी केला तो अख्ख्या गल्लीला घरात बसवून, वर ढोलकी वाजवून!

साल असेल चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर. ह्यांची केंद्र सरकारची नोकरी, त्यामुळे बदलीचा कागद आला की ट्रंका भरायच्या. या वेळी कागदावर होतं चंदीगड. मी कोल्हापूरची. गल्लीबोळांतून वाढलेली, इकडच्या खिडकीतून तिकडच्या खिडकीत आमटीची वाटी देणारी. आणि इथं सगळं आखलेलं. रस्ते सरळ, झाडं सरळ, माणसांचा पत्ता म्हणजे नुसते आकडे. आणि सरकारी क्वार्टरच्या खिडक्या? अहो, एवढ्या मोठ्या की मी आत बसून भाजी निवडली, तर मेथी आहे का पालक ते रस्त्यावरून कळावं!

मला तिथं करमायचं नाही. दुपारी हे कचेरीत गेले की मी त्या मोठ्या खिडकीशी बसायची आणि आईची आठवण काढायची. रडायची म्हणा ना, तुमच्यापासून काय लपवायचं! लग्नाला चार वर्षं झाली होती, पण कुठल्याच बदलीच्या गावी आई एकदाही आली नव्हती. दर पत्रात मी लिहायची, "ये." दर पत्रात ती लिहायची, "येते." मग कधी म्हैस व्यायची, कधी वडिलांचा गुडघा दुखायचा, कधी पाहुणे यायचे. दोनदा तर निघायचं ठरलं आणि रद्द झालं.

त्यात माझा एक मामेभाऊ दिल्लीच्या कामातून वाट वाकडी करून येऊन गेला. चांगलं जेवला, झोपला, आणि परत जाऊन आईला काय सांगावं? "आत्या, ताईचं घर म्हणजे कचेरी आहे नुसती. सिमेंटच्या भिंती आणि बोडक्या खिडक्या." झालं! आईचं पत्र आलं, "सुखात आहेस ना गं बाळ?" त्या एका ओळीनं मला जे भडभडून आलं, ते दोन दिवस थांबेना.

आणि मग नवरात्राच्या तोंडावर तिचं दुसरं पत्र. धाकट्या भावाचं लग्न झालं होतं. "आता सून आली आहे, घर तिच्यावर सोपवून दिवाळीच्या आधी येईन म्हणते. तिकिटाचं जमलं की कळवते."

'येईन म्हणते' म्हणजे येणार का नाही? तुम्हीच सांगा! पण मी मनाशी ठरवलं, येणारच. आणि आली की तिला बोडकी खिडकी दिसता कामा नये.

खिडकी कशी सजवायची ते मी शेजारी पाहिलं होतं. शेजारच्या खन्नाभाभी म्हणजे गोऱ्यापान, गडगडाटी हसणाऱ्या, हाक मारली तर पुढच्या सेक्टरला ऐकू जावी अशा. त्यांच्या बैठकीत खिडकीवर पडद्याची दांडी झाकणारं लाकडी पेल्मेट होतं आणि त्याखाली रेशमी कापडाची चुणीदार झालर. पडदा तर कुणीही लावतं हो, पण त्यावर झालर असली की खिडकी कशी नटूनथटून बसल्यासारखी वाटते. मला तश्शीच हवी होती.

गेले आमच्या शिंप्याकडे. तो मान वर न करता म्हणाला, "दिवाली के बाद आना जी." दिवाळीनंतर झालर घेऊन मी काय आईला स्टेशनवर दाखवायला नेणार होते?

मग एका संध्याकाळी ह्यांच्या स्कूटरवर बसून बावीस सेक्टरच्या बाजारात गेले. पडद्याच्या कापडाची दुकानं पालथी घातली. काही पसंत पडेना. हे घड्याळाकडे बघायला लागले. आणि तेवढ्यात मला दिसलं! एका दुकानाबाहेर दोरीवर ओळीनं टांगलेली लालभडक कापडं, चारी कडांना सोनेरी जरीच्या गोट्याची पट्टी, झुळझुळीत, चकाकणारी. लांबी खिडकीएवढी. शिवायचं नाही, टिपायचं नाही, नुसतं दुमडायचं आणि लावायचं. मी म्हटलं, देवानंच पाठवलं!

आता त्या दुकानात शेजारी नारळ होते. उदबत्त्या होत्या. वाघावर बसलेल्या देवीच्या तसबिरी होत्या. मला वाटलं, सगळं ठेवणारं दुकान असेल. इतकं डोळ्यांसमोर होतं, पण मला झालरीपुढं काही दिसतच नव्हतं.

"कितनी दूँ बहनजी?" दुकानदारानं विचारलं.

मी मनात खिडक्यांचा हिशेब केला. "दस."

"दस कौन लेता है? ग्यारह ले जाइए."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "घे अकरा. एखादी धुण्यात असली म्हणजे?"

दुकानदारानं गठ्ठा बांधला, कपाळाला लावला, आणि वर एक नारळ ठेवून म्हणाला, "माता आपकी मुराद पूरी करे." मी भारावले. आपल्याकडे साडीवर कापडी पिशवी देतात, इथं झालरीवर नारळ आणि आशीर्वाद! पुण्यातल्या दुकानदारांनी शिकायला हवं, असंही मी ह्यांना स्कूटरवर म्हटलं.

लावायचं काम ह्यांचं. पण चंदीगडची भिंत म्हणजे काय चीज आहे, ते खिळा मारल्याशिवाय कळत नाही. खिळा आत जात नाही, तो वाकून तुम्हालाच नमस्कार करतो. हे स्टुलावर, मी स्टूल धरून.

"तुझी आई येणार आहे का राष्ट्रपती?"

"डावीकडनं खाली आलंय."

"ते खाली नाही, मी तिरका झालोय."

शेवटी पडद्याच्या स्प्रिंगवरच ती अकराही कापडं दुमडून, चुण्या घालून लावली; बैठकीतल्या मोठ्या खिडकीला दोन. सोनेरी कड खाली लोंबती ठेवली. दिवे लावले आणि आम्ही दोघं बाहेर अंगणात जाऊन बघत उभे राहिलो. काय सांगू! सगळ्या खिडक्या लाल-सोनेरी झगमगत होत्या. मला तर आईचा चेहराच दिसायला लागला त्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी खन्नाभाभी आल्या. एरवी वादळासारख्या घरात शिरणाऱ्या बाई उंबऱ्यातच थबकल्या. चपला काढल्या. डोक्यावरून ओढणी घेतली. आणि खिडकीला हात जोडले!

मी म्हटलं, कौतुक करावं तर पंजाब्यांनी.

"माने भाभी, आपने बताया भी नहीं! पूरी ग्यारह?"

"जी. बहुत दिन से मन में था."

"किस लिए, बहन?"

"मेरी माँ कोल्हापुर से आनेवाली है ना. चार साल से आई नहीं. अब की बार आ जाए बस, इसलिए लगाया."

खन्नाभाभींचे डोळे भरून आले. त्यांनी मला छातीशी धरलं. "कब तक रखोगी?"

"माँ आने तक तो रखूँगी ही! उसके पहले हाथ भी नहीं लगाऊँगी."

"बस बस, हो गया काम. ज़रूर आएँगी," असं म्हणून त्या डोळे पुसत गेल्या. एका झालरीवर एवढा जीव!

तासाभरात खन्नाभाभींच्या सासूबाई आल्या. सगळी गल्ली त्यांना बीजी म्हणायची. पांढरी सलवार-कमीज, पांढरी ओढणी, हातात ताटलीभर गरम शिरा आणि काळे चणे. त्यांनीही चपला बाहेर काढल्या. नेमके तेव्हा आमचे हे खिडकीखाली बसून ऑम्लेट खात होते. आमचे घट कोल्हापुरात जाऊबाईंकडे बसायचे, त्यामुळे इथं ह्यांना रान मोकळं!

बीजींनी नाक वर केलं. "नवरात्रों में अंडा?"

ह्यांनी वर्तमानपत्र प्लेटवर पसरलं आणि शांतपणे सांगितलं, "पीछेवाले सेक्टर से वास आ रहा है, बीजी." मग एका हातानं ऑम्लेट दाबून धरलं आणि दुसरा हात शिऱ्यासाठी पुढं केला. त्या दिवशीचं वर्तमानपत्र आम्ही तेलकट वाचलं.

दोन दिवस हेच. कोण बायका येतायत, चपला काढतायत, खिडकीला नमस्कार करतायत, काहीतरी गोड ठेवून जातायत. हे संध्याकाळी कचेरीतून आले, दाराबाहेर चपलांचा ढीग पाहिला आणि तिथंच पांढरेफटक पडले. त्यांना वाटलं, मी गेले! आत येऊन बघतात तर मी बायकांच्या मधोमध बसून बत्तासे खातेय.

आणि माझी समजूत काय झाली होती, माहीत आहे? मला वाटलं, पंजाबात नवीन पडदे लावले की शेजाऱ्यांनी गोड घेऊन बघायला यायची पद्धतच आहे! आता पद्धत म्हटल्यावर आपणही पाळायला नको का? समोरच्या घराला बांबूचे चिकाचे पडदे लागले, तर मी वाटीभर खीर घेऊन गेले. चपला काढल्या, चिकाला नमस्कार केला. त्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मी मनात म्हटलं, काय माणसं असतात, आपल्याच रीती आपल्याला ठाऊक नाहीत!

अष्टमीला खन्नाभाभी म्हणाल्या, "शाम को हम सब आपके यहाँ आएँगे. आप कुछ मत करना." मी खूश. आता झालरीसाठी चहापार्टी!

संध्याकाळी गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या. एकीच्या हातात ढोलकी, एकीकडे झांजा, एकीकडे फुलांची परडी. खन्नाभाभींनी एक मोठी तसबीर आणली आणि बैठकीतल्या मोठ्या खिडकीखाली, पाटावर, बरोब्बर मधोमध ठेवली. मी कौतुकानं वाकून बघितलं. वाघावर बसलेली देवी. आणि देवीच्या डोक्यावर लाल ओढणी, कडेला सोनेरी गोटा.

मी तसबिरीकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं. मग परत तसबिरीकडे.

अहो, देवीच्या डोक्यावर माझ्या खिडकीची झालर होती!

पायांखालची फरशी सरकली हो माझ्या. ती कापडं म्हणजे देवीला वाहायच्या चुनऱ्या! तिकडे काही मागणं असलं की लाल चुनरी बोलतात. एखादी बोलतात, फार झालं तर पाच. आणि मी अकरा टांगून बसले होते, प्रत्येक खिडकीला! गल्लीला वाटलं, या दूरदेशच्या बाईनं आईसाठी केवढा मोठा नवस बोललाय.

मी स्वयंपाकघरात धावले आणि ह्यांना सांगितलं. ह्यांनी ओट्याला धरलं आणि आवाज न करता इतके हसले की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"तू कोल्हापूरची ना गं? अंबाबाईच्या दारातली? देवीचं वस्त्र ओळखता आलं नाही तुला?"

"आपल्याकडे देवीला साडी नेसवतात, खणा-नारळानं ओटी भरतात! ओढणीचं मला कुठून ठाऊक?"

"मग आता सांग जाऊन बाहेर. म्हणावं, पडद्यासाठी आणलं होतं."

"तुम्ही सांगा की!"

"मी मागच्या दारानं चाललो," म्हणून हे खरंच गेले. नवरा म्हणजे काय असतो, ते अशा वेळी कळतं.

बाहेर ढोलकी थांबली होती. बीजींनी मला हाक मारून तसबिरीपुढं बसवलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. "बोल पुत्तर, माता से माँग ले. मुँह से बोलकर माँग."

मी ठरवलं, आता खरं सांगून टाकायचं. किती चांगल्या बायका, त्यांना फसवायचं नाही. घसा खाकरला. "बीजी, माफ करना. ये मैंने मन्नत का नहीं लगाया. मुझे मालूम ही नहीं था. ये तो मैंने खिड़की के लिए..."

"खिड़की के लिए ही तो, पुत्तर," बीजी म्हणाल्या. "माँ की राह तो खिड़की से ही देखते हैं."

आणि बीजी हळूहळू बोलायला लागल्या, माझ्याशी का त्या तसबिरीशी, ते कळेना. त्यांचं घर लायलपूरला होतं. सत्तेचाळीस साली, फाळणीत, सगळे निघाले. त्यांच्या आईनं, त्या तिला बेबे म्हणायच्या, सांगितलं, तू पोरांना घेऊन पुढे हो, मी घराला कुलूप लावून मागोमाग येते. "अंबाला कैंप में मैं रोज़ सड़क पर बैठती थी. हर टोली में उसको ढूँढती थी. बेबे नहीं आई." मग माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "तेरी तो घर में बैठी है. गाड़ी चलती है, डाक चलती है. माँग ले."

आता सांगा, कुठल्या तोंडानं म्हणू, मला फक्त झालर हवी होती? आणि खरं म्हणजे मला झालर कुठं हवी होती? मला आई हवी होती. चार वर्षं तीच हवी होती. मी तसबिरीपुढं डोकं टेकलं आणि शुद्ध मराठीत, अगदी मोठ्यानं म्हटलं, "माझी आई येऊ दे गं बाई!" आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडले. एकीलाही मराठी येत नव्हतं. पण सगळ्या रडल्या. त्यातल्या निम्म्या जणींची माहेरं सरहद्दीच्या तारेपलीकडे राहिली होती.

दसरा झाल्यावर तार आली. तार म्हटल्यावर माझा धीर सुटला, ती खन्नाभाभींनीच फोडली आणि अशा ओरडल्या की बायका हातातल्या परातीसकट धावत आल्या. आई माझ्या धाकट्या भावाबरोबर निघाली होती!

ती ज्या दिवशी उतरली, त्या दिवसाचं काय वर्णन करू! नऊवारी साडी, पायांत करकरत्या वहाणा, एका हातात चटणीचा डबा, दुसऱ्यात लाडवांचा. घरापुढं रिक्षा थांबली तर सगळी गल्ली दारात. बायका एकामागून एक आईच्या पाया पडायला लागल्या. नवसानं आलेली बाई ती! कुणी हार घातला, कुणी तोंडात पेढा कोंबला.

आई घाबरली. "अगं बया, ह्या समद्या माझ्या पाया का पडायला लागल्यात?"

"आत चल, मग सांगते."

आत आली, खिडक्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्ये काय गं लालभडक? कुणाचं लगीन हाय व्हय?"

एवढंच! माझ्या झालरीला मिळालेली शाबासकी ती एवढीच. दुसऱ्या दिवशी तर ती झालरही गेली, कारण नवस पुरा झाला की चुनऱ्या देवीला वाहायच्या असतात. खन्नाभाभींनी अकराच्या अकरा उतरवल्या, आईला जीपमध्ये बसवलं आणि सगळ्या जवळच मनीमाजरा गावापाशी असलेल्या देवीला जाऊन आल्या. मला जीपमध्ये जागाच उरली नाही. मी घरी बोडक्या खिडक्यांशी बसून सगळ्यांसाठी पुऱ्या लाटल्या.

आणि मग पुढं जे झालं, ते तर मी कधी मनातही आणलं नव्हतं. आई बीजींची झाली! सकाळी चहा झाला की ही निघाली. थंडी पडायला लागली होती. उन्हात बाज टाकून दोघी बसायच्या. ही कोल्हापुरीत बोलणार, ती पंजाबीत. तासन्‌तास! मी एकदा अर्थ सांगायला मधे गेले, तर आई म्हणाली, "तू कशाला लुडबुड करतीस? आमचं चाललंय की नीट."

बीजींकडून खन्नाभाभींकडे, तिथून समोरच्या घरी, तिथून पलीकडे. प्रत्येकीला आई दुपारभर तरी हवीच. कुणाच्या पोराला तेल लाव, कुणाला चटणी शिकव, कुणाच्या तंदुरापाशी बसून रोट्या मोज. मी चार वर्षं साठवलेलं बोलणं घेऊन घरोघर तिला शोधत फिरायची. "आई आहे का?" "अभी तो यहीं थी!" रात्री घरी यायची ती दमून लगेच घोरायला लागायची. ह्यांनी मला एकदा विचारलं, "देवीकडे नक्की काय मागितलंस गं तू?"

"आई येऊ दे म्हटलं."

"'माझ्याकडे' म्हणालीस का?"

नव्हते म्हणाले! खरंच नव्हते म्हणाले!

महिना कधी सरला ते कळलंच नाही. निघायच्या दिवशी स्टेशनवर पुन्हा तीच गर्दी. भाऊ तिला सोडून केव्हाच परतला होता, म्हणून हे तिला दिल्लीपर्यंत पोचवायला डब्यात चढले होते; पुढं मामेभाऊ सोबतीला होता. आई डब्याच्या खिडकीत, आणि खिडकीला बीजी, खन्नाभाभी आणि बाकीच्या अशा चिकटलेल्या की मला नुसती तिची बांगडी दिसत होती. बीजींनी आईचे दोन्ही हात धरले होते आणि त्या सोडत नव्हत्या. मी मागं उभी राहून रडत होते. आपलीच आई, आणि आपल्यालाच हात लागेना.

शिट्टी झाली. गाडी हलली. गर्दी जराशी बाजूला झाली तशी मी पदर खोचून डब्याबरोबर धावले.

"आई! परत कधी येशील?"

"पुढल्या दिवाळीला! बीजीला शब्द दिलाय मी!"

अहो, मला चार वर्षांत एक शब्द दिला नव्हता तिनं! मी धावता धावता ओरडले, "आणि माझ्याकडे?"

आईनं खिडकीतून मान बाहेर काढली आणि माझी समजूत घालत म्हणाली, "येईन की गं तुझ्याकडं पण! शेजारीच तर ऱ्हातीस!"